प्रोस्टेट सीड इम्प्लांट: फिजिसिस्टने सांभाळायचे टप्पे आणि त्यात हमखास होणाऱ्या चुका

कायमस्वरूपी सीड इम्प्लांटमध्ये, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ग्रंथीत किरणोत्सारी दाणे (सीड) कायमचे रोपताना, मोठ्या चुका गणितात क्वचितच सापडतात. टीजी-४३चे (सीडभोवतीचा डोस काढण्याच्या प्रमाण पद्धतीचे) गणित सॉफ्टवेअर बिनचूक करते. घोळ होतो तो माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना: ऑर्डर फॉर्मवर एकक चुकते, कॅलिब्रेशनच्या तारखेलाच इम्प्लांटची तारीख धरले जाते, प्लॅनमधले शून्य प्रतल (जिथून सुयांची खोली मोजतात) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, भलत्याच जागी घेतले जाते, शेवटी सीडचा हिशोब जुळत नाही. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यात काय करायचे याच्याइतकेच पुढे जाण्याआधी काय ताडून पाहायचे यावर भर दिला आहे. मांडणी आधी केलेल्या प्लॅनप्रमाणे, मुख्यतः आयोडीन-१२५ सीड वापरून होणाऱ्या इम्प्लांटची आहे. पॅलेडियम आणि सीझियमचे फरक जागोजागी दिले आहेत.

## टप्पा १: लेखी आदेश

पहिला सीड मागवण्याआधी डॉक्टरांच्या सहीचा लेखी आदेश हातात हवा. त्यात उपचाराची जागा, समस्थानिक, डोस आणि बाहेरून रेडिएशन दिले आहे किंवा द्यायचे आहे का, हे स्पष्ट असावे. फक्त इम्प्लांट असेल तर प्रचलित डोस असे:

- आयोडीन-१२५: १४५ ग्रे, अर्धायुकाल ५९.४ दिवस
- पॅलेडियम-१०३: १२५ ग्रे, अर्धायुकाल १७ दिवस
- सीझियम-१३१: ११५ ग्रे, अर्धायुकाल ९.७ दिवस

बाहेरून ४५ ते ५० ग्रे दिले असतील तर आयोडीनचा डोस साधारण ११० ग्रेवर आणि पॅलेडियमचा ९० ते १०० ग्रेवर येतो. एका समस्थानिकाचा डोस दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. आयोडीनच्या १४५ ग्रेमध्ये सुरुवातीचा दर तासाला सुमारे ७ सेंटीग्रे असतो, पॅलेडियमच्या १२५ ग्रेमध्ये तो २१ असतो आणि सीझियमच्या ११५ ग्रेमध्ये ३४.

ताळा: आदेशातील समस्थानिक, प्लॅनमधील समस्थानिक आणि ऑर्डरमधील समस्थानिक तीन वेगवेगळ्या कागदांवर वाचा. आठवणीवर विसंबून टिकमार्क करू नका.

## टप्पा २: अल्ट्रासाउंड, स्टेपर आणि टेम्प्लेट

रुग्ण येण्याआधी यंत्रणा तपासायची. पडद्यावर दिसणारी जाळी आणि टेम्प्लेटची (सुया घालायच्या भोकांच्या पट्टीची) खरी भोके एकमेकांवर बसतात का, ही इथली मुख्य तपासणी. पाण्याच्या टाकीत प्रोब बसवा, चार कोपऱ्यांतून आणि मध्यातून सुया घाला आणि प्रत्येक सुईचा ठिपका जाळीच्या बिंदूपासून किती दूर पडतो ते मोजा. ३ मिलिमीटरच्या आत असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर जाळी पुन्हा जुळवा.

इथे एक फसगत नेहमी होते. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर असतो, यंत्र मात्र १५४० धरून अंतर काढते. त्यामुळे ५ सेंटीमीटरवरची सुई पडद्यावर २ मिलिमीटर जास्त दूर दिसते. चूक यंत्राची समजून जाळी सरकवली, की खऱ्या रुग्णात तेवढाच दोष उलट्या बाजूने येतो. सुमारे ४८ अंश सेल्सियसच्या पाण्यात वेग १५४०च्या जवळ जातो. प्रोबला ते तापमान चालते का, हे निर्मात्याच्या माहितीपत्रकात आधी पाहा. चालत नसेल तर थंड पाण्यातल्या मोजमापाला हा फरक लावून मगच निर्णय घ्या.

फँटममध्ये (चाचणीसाठीच्या नकली अवयवात) ज्ञात आकाराच्या अंड्याकृती भागाचे घनफळ मोजा. फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. स्टेपर (प्रोब पायरीपायरीने सरकवणारे साधन) ५ मिलिमीटरची पायरी खरोखर ५ मिलिमीटरच सरकतो का, हे पट्टीने पाहा. दहा पायऱ्यांनंतर ५० मिलिमीटर भरले पाहिजेत.

खबरदारी: सॉफ्टवेअरमधल्या टेम्प्लेटची डावी-उजवी बाजू उलटलेली नाही याची खात्री सममित सुयांनी होत नाही. मुद्दाम एकाच बाजूला एक सुई घाला आणि पडद्यावर तिचे अक्षर आणि अंक वाचा.

## टप्पा ३: व्हॉल्यूम स्टडी

व्हॉल्यूम स्टडीत, म्हणजे ग्रंथीचा आकार टिपताना, बेसपासून (ग्रंथीच्या मूत्राशयाकडच्या टोकापासून) अपेक्सपर्यंत (खालच्या टोकापर्यंत) दर ५ मिलिमीटरला प्रतिमा घ्या. बेसच्या वर एक आणि अपेक्सच्या खाली एक प्रतिमा जास्तीची घेतल्यास सीमा ठरवताना वाद राहत नाही. मूत्रमार्ग नीट दिसावा म्हणून कॅथेटरमध्ये हवेचे बुडबुडे मिसळलेली जेल भरा. जाड कॅथेटर टाकल्यास मूत्रमार्ग ताणला जाऊन जागेवरून सरकतो.

प्रोब गुदाशयात जोराने वर दाबला तर ग्रंथी चपटी होते. ओटीत त्याच दाबाने ती चपटी होईलच असे नाही. म्हणून प्रतिमा बिघडणार नाही इतकाच दाब ठेवा, स्टेपरवरचे आकडे आणि पायांची स्थिती लिहून ठेवा. ग्रंथी ६० घनसेंटीमीटरच्या वर असेल किंवा जघनास्थीची कमान पुढच्या सुयांच्या आड येत असेल, तर ते इथेच डॉक्टरांना सांगा.

## टप्पा ४: प्लॅन

ग्रंथीभोवती साधारण ३ मिलिमीटरचा मार्जिन देतात आणि गुदाशयाच्या बाजूला तो शून्य ठेवतात. प्लॅनमध्ये व्ही१०० (ठरवलेला पूर्ण डोस मिळणारा ग्रंथीचा भाग) किमान ९५ टक्के, शक्यतो ९८च्या पुढे, डी९० (ग्रंथीच्या ९० टक्के भागाला मिळणारा किमान डोस) ठरवलेल्या डोसहून जास्त आणि व्ही१५० (दीडपट डोस मिळणारा भाग) साधारण ५० टक्क्यांपर्यंत असावा. मूत्रमार्गासाठी डी१० हा १५० टक्क्यांच्या आत, म्हणजे १४५ ग्रेच्या प्लॅनमध्ये २१७ ग्रे, आणि डी३० हा १३० टक्क्यांच्या आत ठेवा. गुदाशयाच्या २ घनसेंटीमीटरला १४५ ग्रेहून कमी आणि ०.१ घनसेंटीमीटरला २०० ग्रेहून कमी जावेत.

आकडे सुंदर दिसावेत म्हणून मूत्रमार्गाला चिकटून सुया ठेवू नका. ओटीत सुई २ ते ३ मिलिमीटर सरकतेच, आणि मूत्रमार्गाजवळ तेवढ्याने चित्र पालटते. परिघावर जास्त सुया आणि मधे कमी असा प्लॅन खऱ्या इम्प्लांटमध्ये जास्त टिकतो.

प्लॅन मंजूर करण्याआधी एका सीडचा हातगणित ताळा करा. टीजी-४३च्या २००४च्या अद्ययावत अहवालात ज्या आयोडीन सीडचा डोस-रेट स्थिरांक ०.९६५ दिला आहे तो घ्या आणि सीडची शक्ती ०.५ यू (शक्तीचे एकक, टप्पा ५ पाहा) धरा. १ सेंटीमीटर अंतरावर:

०.५ × ०.९६५ × ०.९४ = तासाला सुमारे ०.४५ सेंटीग्रे

इथे ०.९४ हा अॅनायसोट्रॉपीचा, म्हणजे दिशेनुसार डोस बदलण्याचा घटक आहे. आयोडीनचा सरासरी आयुष्यकाळ ५९.४ × २४ × १.४४३ म्हणजे २०५७ तास. दोन्हींचा गुणाकार सुमारे ९३० सेंटीग्रे, म्हणजे ९.३ ग्रे. एकाच सीडचा प्लॅन बनवून सॉफ्टवेअरने इतकेच उत्तर दिले, तर सीडचे मॉडेल, एकक आणि अर्धायुकाल तिन्ही बरोबर बसले आहेत. दहा मिनिटांचे काम आहे, आणि सर्वांत महागड्या चुका इथेच पकडता येतात.

## टप्पा ५: सीडची ऑर्डर

पूर्ण प्रक्रियेतील सर्वांत धोकादायक कागद म्हणजे ऑर्डर फॉर्म. त्यावर चार गोष्टी शब्दांत लिहा: समस्थानिक आणि मॉडेल, प्रत्येक सीडची शक्ती आणि एकक, ती शक्ती कोणत्या तारखेची, आणि संख्या.

एकक नेहमी एअर कर्मा स्ट्रेंग्थमध्ये (सीडच्या किरणांनी हवेत दिलेल्या ऊर्जेवरून मोजलेली शक्ती), म्हणजे यूमध्ये द्या. आयोडीनची १ मिलिक्युरी म्हणजे १.२७ यू, पॅलेडियमची १.२९३ यू. ०.५ यू हवे असताना ०.५ मिलिक्युरी आले तर प्रत्येक सीड २७ टक्के जास्त शक्तीचा येतो. उलट झाले तर २१ टक्के कमी. दोन्ही वेळा सीड दिसायला तसाच, ४.५ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर जाड. डोळ्यांना काहीच कळत नाही.

तारखेचेही तसेच. एका दिवसाच्या फरकाने आयोडीनची शक्ती १.२ टक्के कमी होते, पॅलेडियमची ४ टक्के, सीझियमची ७ टक्के. शस्त्रक्रिया एक आठवडा पुढे ढकलली तर आयोडीन ८ टक्क्यांनी उतरते आणि कदाचित नव्या प्लॅनने निभावते. पॅलेडियम २५ टक्क्यांनी उतरते आणि तो प्लॅन निकामी होतो. ओटीची तारीख बदलल्याचा निरोप फिजिसिस्टला त्याच दिवशी मिळेल अशी व्यवस्था लेखी करून ठेवा.

प्लॅनहून थोडे जास्त सीड मागवा, साधारण ५ ते १० टक्के. ३५ ते ४० घनसेंटीमीटरच्या ग्रंथीला ०.४ ते ०.५ यूचे ८० ते १०० सीड लागतात. प्लॅन ५० किंवा १५० मागत असेल तर कारण शोधल्याशिवाय ऑर्डर पाठवू नका.

ताळा: फॉर्म भरणारा आणि तपासणारा वेगळा असावा. तपासणाऱ्याने आकडे फॉर्मवरून न उचलता प्लॅनच्या छापील प्रतीवरून मोठ्याने वाचावेत.

## टप्पा ६: सीड आल्यावर

पार्सल उघडण्याआधी बाहेरून सर्व्हे (मीटरने किरणोत्साराची तपासणी) करा, प्रमाणपत्रावरचा लॉट क्रमांक आणि संख्या वहीत नोंदवा. त्यानंतर सीडची शक्ती आपल्या वेल चेंबरमध्ये (सीड आत ठेवून शक्ती मोजायच्या उपकरणात) मोजा. निर्मात्याचे प्रमाणपत्र हे मोजमापाला पर्याय नाही.

सुटे सीड असतील तर १० टक्के किंवा १० सीड, जे जास्त असेल ते मोजा. स्ट्रँड (एका धाग्यात ओवलेले सीड) असतील तर १० टक्के किंवा २ स्ट्रँड, जे जास्त असेल ते. निर्जंतुक पॅकमधल्या भरलेल्या सुया उघडता येत नसतील तर त्याच लॉटचे सुटे सीड मोजणीसाठी वेगळे मागवा. सरासरी आणि प्रमाणपत्र यात ३ टक्क्यांपर्यंत फरक असेल तर पुढे जा. ३ ते ५ टक्के असेल तर कारण शोधा, नमुना वाढवा. ५च्या वर गेला तर निर्मात्याशी बोला आणि कोणता आकडा वापरायचा हे डॉक्टरांसोबत ठरवून लिहा.

वेल चेंबरमध्ये चुकण्याच्या जागा:

- दुसऱ्या जागेहून आणलेले चेंबर लगेच वापरणे. चेंबर, इन्सर्ट (आत सीड धरणारी नळी) आणि थर्मामीटर एकाच तापमानाला आल्यावरच मोजा.
- भलता इन्सर्ट. कॅलिब्रेशन ज्या इन्सर्टने झाले तोच हवा, सीड त्याच उंचीवर बसायला हवा.
- स्ट्रँड पूर्ण लांबीने ठेवून एकट्या सीडचा घटक लावणे. वरखालच्या सीडना चेंबर कमी प्रतिसाद देतो. स्ट्रँडसाठी वेगळा घटक काढावा लागतो.
- उंचावरच्या गावी फक्त तापमान-दाबाची नेहमीची दुरुस्ती लावणे. हवेला खुल्या चेंबरमध्ये आयोडीन आणि पॅलेडियमच्या कमी ऊर्जेला ही दुरुस्ती जास्तीची पडते आणि शक्ती खरीहून जास्त दिसते. अशा जागी उंचीसाठीचा वेगळा घटक लागतो.

चेंबरचे कॅलिब्रेशन दर दोन वर्षांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या, आणि प्रत्येक वापराआधी दीर्घायुषी स्रोताने स्थिरता पाहा.

## टप्पा ७: सुया भरणे

सुटे सीड आणि स्पेसर (सीडमध्ये अंतर ठेवणारे तुकडे) वापरत असाल तर ४.५ मिलिमीटरचा सीड आणि ५.५ मिलिमीटरचा स्पेसर मिळून केंद्रापासून केंद्रापर्यंत १० मिलिमीटर होतात. सुईच्या टोकाला बोन वॅक्सचा बूच असतो. तो फार जाड झाला तर पहिला सीडच मागे सरकतो.

भरून झाल्यावर स्टायलेटची (सुईच्या आतल्या काडीची) बाहेर राहिलेली लांबी प्रत्येक सुईला मोजा. चार सीड, तीन स्पेसर असलेल्या दोन सुयांमध्ये ही लांबी वेगळी आली तर एकीत काहीतरी कमी-जास्त आहे. नेहमीच्या १ सेंटीमीटरच्या अंतराशिवाय भरलेल्या सुयांना वेगळ्या रंगाची खूण करा आणि फ्लुरोस्कोपीखाली (चालू एक्स-रेखाली) एकदा पाहा.

## टप्पा ८: ओटीत

ज्या स्थितीत व्हॉल्यूम स्टडी झाली तीच स्थिती परत आणायची. ग्रंथीच्या मधल्या प्रतिमेवर आजची आणि प्लॅनमधली कडा एकमेकांवर ठेवून पाहा. रुंदी, उंची आणि मूत्रमार्गाची जागा जुळत नसेल तर प्रोबचा कोन आणि दाब बदला. तरी जुळत नसेल तर तिथेच नवा प्लॅन करा. बळेबळे जुना प्लॅन चालवू नका.

त्यानंतर शून्य प्रतल. बेस कुठे सुरू होतो हे आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांमध्ये पाहा. कॅथेटरच्या फुग्याला ग्रंथीचा बेस समजू नका. फुगा ओढला गेलेला असेल, किंवा प्रोब फार बाहेर असेल, तर अशा गफलतीने सगळेच्या सगळे सीड ग्रंथीच्या खाली जातात. फुगा मूत्राशयात आहे हे फ्लुरोस्कोपीवर पाहा, आणि पहिली सुई घालून उभ्या छेदात तिचे टोक बेसच्या सापेक्ष कुठे आहे ते दोघांनी स्वतंत्रपणे सांगा.

सुयांचा क्रम पुढून मागे, म्हणजे प्रोबपासून सर्वांत दूरच्या ओळीपासून सुरू करा. मागचे सीड आधी टाकले तर त्यांची सावली पुढचा भाग झाकते.

प्रत्येक सुईसाठी एकाने क्रमांक, जाळीवरची जागा, रेट्रॅक्शन (शून्य प्रतलापासून सुई किती मागे) आणि सीडची संख्या मोठ्याने वाचावी, सुई हातात असलेल्याने तेच परत म्हणावे आणि तिसऱ्याने कागदावर खूण करावी. रेट्रॅक्शन ०.५ आणि १.५ ऐकण्यात मिसळतात, म्हणून "शून्य दशांश पाच" असेच म्हणा.

सीड सोडताना स्टायलेट एका हाताने घट्ट स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने सुई मागे घ्या. स्टायलेट आत ढकलला तर सीड पुढे लोटले जातात, एकमेकांवर दाबले जातात आणि मूत्राशयाकडे सरकतात. सुई झटक्याने ओढल्यास शेवटचा सीड तिच्याबरोबर खाली येतो, अपेक्सच्या खाली सीड दिसतात ते बहुधा यामुळेच. सुई सावकाश काढा आणि सोडल्यावर उभ्या छेदात पाहा.

## टप्पा ९: हिशोब आणि सर्व्हे

रुग्ण टेबलावर असतानाच बेरीज जुळली पाहिजे. आलेले ९६, रोपलेले ८८, शिल्लक ८ असे असेल तर हिशोब पूर्ण. सिस्टोस्कोपीत (दुर्बिणीने मूत्राशय पाहताना) मूत्राशयातून एक सीड निघाला तर रोपलेले ८७ आणि शिल्लक ९. हा सीड तोंडी सांगून सोडू नका, त्याच ओळीत लिहा. फ्लुरोस्कोपीवर सीड मोजताना एकामागे एक दडतात, म्हणून एक तिरकी प्रतिमाही घ्या.

पहिली सुई उघडण्याआधी खोलीची बॅकग्राउंड नोंदवलेली असावी. संपल्यावर सुया, ड्रेप, जमीन, सक्शन, कचऱ्याची पिशवी, कापड आणि लघवीची पिशवी तपासा, आणि ती होईपर्यंत खोलीतून काहीही बाहेर जाऊ देऊ नका. आयोडीनच्या फोटॉनची सरासरी ऊर्जा २८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. जाड भिंतीचा गायगर मीटर त्याला नीट प्रतिसाद देत नाही. पातळ सोडियम आयोडाइड प्रोब इथे योग्य. प्रोब सावकाश आणि पृष्ठभागाजवळून फिरवा, कारण या ऊर्जेला शिशाचा ०.०२५ मिलिमीटर थरही निम्मे करतो आणि एखादे ट्रे किंवा भांडे सीड सहज लपवते.

खबरदारी: सीड बोटांनी उचलू नका. लांब चिमटा आणि शिशाचे भांडे सुरुवातीपासून खोलीत हवे. चिमट्याने घट्ट दाबल्यास कॅप्सूल फुटू शकते.

## टप्पा १०: रुग्ण घरी जाताना

१ मीटरवरचा दर मोजून नोंदवा आणि आपल्या देशाच्या नियामक मर्यादेशी ताडून मगच सोडा. लेखी सूचना द्या: सुरुवातीचे काही दिवस लघवी गाळून पाहणे, सीड दिसल्यास चमच्याने उचलून डब्यात ठेवणे आणि कळवणे, लहान मुलांना मांडीवर फार वेळ न बसवणे, गर्भवतीजवळ दीर्घकाळ न बसणे. रेडिएशन अलार्म वाजल्यास दाखवायला समस्थानिक, तारीख आणि संपर्क असलेले कार्ड द्या.

आयोडीन इम्प्लांटनंतर १२ महिन्यांच्या आत मृत्यू झाल्यास दहन करू नये, अशी आयसीआरपीची (किरणोत्सार संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची) २००५ची शिफारस आहे. पॅलेडियमसाठी ३ महिने. ही गोष्ट कुटुंबाला स्पष्ट, शांतपणे आणि लेखी सांगावी. दुःखाच्या वेळी ऐनवेळी कळण्यापेक्षा आधी माहीत असलेले बरे.

## टप्पा ११: इम्प्लांटनंतरचा डोस

सुयांमुळे ग्रंथी सुजते. सूज साधारण १० दिवसांत निम्मी होते. ४० घनसेंटीमीटरची ग्रंथी ६० झाली असेल तर ३० दिवसांनी त्या २० पैकी सुमारे अडीच शिल्लक राहतात. म्हणून आयोडीनसाठी सीटी ३० दिवसांनी, ७ दिवस मागेपुढे. पॅलेडियमसाठी १६ दिवसांनी, ४ दिवस मागेपुढे. सीझियमसाठी १० दिवसांनी, २ दिवस मागेपुढे. दुसऱ्या दिवशीच्या सीटीवर डी९० कमी दिसतो, आणि तो पाहून कोणी जास्तीचे सीड टाकायला निघाले तर नुकसान रुग्णाचे.

काप ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. तेच सीड शेजारच्या कापात दोनदा मोजले जातात, म्हणून सॉफ्टवेअरने शोधलेली संख्या ओटीतल्या हिशोबाशी मिळवा. कमी आली तर छातीचा एक्स-रे पाहा, सीड फुप्फुसात गेलेला असू शकतो. सीटीवर ग्रंथी खरीहून मोठी रेखली जाते, विशेषतः अपेक्सला आणि बाजूच्या स्नायूंपाशी. शक्य तिथे एमआरआय जोडून कडा ठरवा.

सॉफ्टवेअरमध्ये इम्प्लांटची तारीख घाला, सीटीची नव्हे. महिनाभरानंतरची तारीख सुरुवात म्हणून गेली तर आयोडीनचा डोस सुमारे ३० टक्के कमी निघतो. डी९० अचानक १०० ग्रेच्या आसपास आला, तर इम्प्लांटवर शंका घेण्याआधी ही तारीख पाहा.

डी९०, व्ही१०० आणि व्ही१५०, मूत्रमार्ग आणि गुदाशय यांचे आकडे नोंदवा. त्याखेरीज ग्रंथीचे बेस, मध्य आणि अपेक्स असे भाग पाडून, प्रत्येकाचे पुढचे आणि मागचे अंग वेगळे काढा. सलग दोन-तीन रुग्णांत बेसचा पुढचा भाग कमी डोसचा दिसला आणि अपेक्सच्या खाली जास्त, तर सीड एकसारखे खाली सरकत आहेत. अशा वेळी प्लॅनमध्ये सीड वाढवू नका. पुढच्या केसआधी शून्य प्रतल कसे घेतले जाते आणि सुई कशी काढली जाते, हे टप्पा ८ प्रमाणे टेम्प्लेटजवळ उभे राहून पाहा.